कुस्कोच्या भिंतीपुढे माझी माय

चारठाण्याच्या बसथांब्यावर मला पोचवायला माय आणि भाऊ आले होते. जिंतूरची एसटी यायला अवकाश होता, आणि बाकावर बसलेल्या गावातल्या चार जाणत्या माणसांना चौकशीसाठी तेवढा वेळ भरपूर होता. "कुठं निघाली पोरगी?" एकाने मायला विचारलं. माय म्हणाली, "पेरूला. लय लांब हाय म्हणं." सगळे हसले. आमच्याकडे पेरू झाडाला लागतो, तिथे नोकरीला कोणी जात नाही. दुसरा एक जण तंबाखू मळत म्हणाला, "काहून, तिकडं दगड फुटंनात का यांच्याबिगर?"

माय हसली नाही. तिने माझ्या बॅगेचा पट्टा ओढून घट्ट केला आणि त्याच्याकडे न बघताच बोलली, "फुटंनात मनूनच बोलावलं आसंल." मग एसटी आली. भावाने बॅग वर चढवली, मायने खिडकीतून माझ्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला आणि गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवून घराकडे चालू लागली. लोक म्हणाले असतील, काय कठोर बाई आहे. मी तिची पाठ बघत राहिले. रडायचंच असेल तर त्या बाकासमोर नाही, एवढं ती पाठ सांगत होती.

आम्ही वडार. वडील खडी फोडायचे. जिंतूर-जालना रस्त्यावर तुम्ही कधी गेला असाल तर त्या रस्त्याच्या पोटात त्यांची काही वर्षं आहेत. माय जात्यांना आणि पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायची. नव्या पिढीला सांगावं लागेल: दळून-वाटून दगड गुळगुळीत झाला की त्यावर काहीच नीट वाटलं जात नाही, मग छिन्नी-हातोडीने त्याला पुन्हा बारीक खड्डे पाडून खरखरीत करायचं, ती टाकी. माय सकाळी डोक्यावर टोपलं घेऊन निघायची आणि आजूबाजूची गावं पायी करायची. दारात बसून काम करायची. तिच्या हातचा पाटा ज्यांच्या घरात, त्यांच्याच घरात तिला पाणी मात्र वरून ओतून मिळायचं. हे मी ऐकलेलं नाही, तिच्यासोबत गेले तेव्हा पाहिलेलं आहे.

गावात जुनी देवळं आहेत, तुम्हाला माहीत असतील. परभणीहून, औरंगाबादहून लोक ती बघायला येतात, नक्षीच्या खांबाशेजारी उभे राहून फोटो काढतात. आणि त्यांना गावातलं कोणी ना कोणी सांगतंच, की हे माणसाचं काम नाही, देवांनी एका रात्रीत बांधलं. लहानपणी मी मायला विचारलं होतं, खरंच का गं? ती म्हणाली, "देवाच्या हाताला घट्टे आस्तात का?" मला तेव्हा ते उत्तर कळलं नाही.

परभणीच्या वसतिगृहात राहून मी डिप्लोमा केला, पुण्यात नोकरी लागली, आणि तिथून कंपनीने पेरू देशाच्या राजधानीला, लिमाला पाठवलं. आपल्याकडच्या तीनचाकी रिक्षा इथे मोतोटॅक्सी म्हणून गल्लोगल्ली धावतात. त्यांच्या सुट्या भागांचं गोदाम मी सांभाळते. पहिल्या वर्षी मला स्पॅनिशमध्ये भाव, बेरिंग आणि शिव्या एवढंच येत होतं. आता या भाषेत मी भांडू शकते, म्हणजे मी इथली झाले असं समजायला हरकत नाही.

मी गाव सोडताना मायने मान खाली घातली नाही, हे मी वर ऐटीत लिहिलं. पण पुढचंही लिहिते, कारण ते लपवलं तर या सगळ्याला अर्थ नाही. लिमात पहिल्याच गणपतीला दहा-बारा भारतीय घरं जमली होती. आमच्या साहेबांची बायको, सगळे त्यांना वहिनी म्हणतात, मोदकाचं ताट माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "घरी काय करतात गं तुझ्या?" आणि मी म्हटलं, "कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत." कोणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. बाकावरच्या माणसाला मायने एका वाक्यात गप्प केलं, आणि मी एका मोदकापुढे ढेपाळले.

खोटं एकदा बोललं की त्याला रोज खायला घालावं लागतं. भाऊ साइट बघतो, असं सांगून झालं. वडील गेले तेव्हा काम कसं वाढलेलं होतं, तेही सांगून झालं. वहिनी पुण्यातल्या नव्या फ्लॅटच्या ओट्याचे फोटो पाठवून मला विचारायच्या, हा ग्रॅनाइट घेऊ की तो? गंमत म्हणजे मी सल्ला चांगला द्यायचे. कोणत्या दगडात शीर आहे, कुठून तडकेल, हे मला फोटोतही दिसायचं. ते कुठून शिकले हे मात्र कोणाला सांगत नव्हते.

चार वर्षांनी मायला इकडे आणायचं ठरलं. भावाने तिला मुंबईला विमानात बसवलं. अॅमस्टरडॅमला उतरल्यावर तिला व्हीलचेअरवर बसायला सांगितलं, तर म्हणाली, "मला काय धाड भरली?" आणि ढकलणाऱ्या माणसाबरोबर चालत गेली. लिमात आल्यावर तिसऱ्या दिवशी ती तांदूळ निवडत बसली होती, इथल्या तांदळात खडा निघत नाही याचं तिला मोठं नवल होतं, तेव्हा मी तिच्यासमोर बसून बोलले. साहेब आणि वहिनी आपल्याला कुस्कोला घेऊन चाललेत. डोंगरातलं जुनं शहर आहे. कोणी विचारलं तर सांग, आमचं बांधकामाचं काम आहे. टाकीचं नको काढूस.

मायचा हात ताटात थांबला. ती भांडेल असं मला वाटलं होतं, मी उत्तरंही तयार ठेवली होती. ती म्हणाली, "बरं. तू म्हणशील तसं." आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

कुस्को खूप उंचावर आहे. तिथे उतरल्या उतरल्या माझं डोकं ठणकायला लागलं, साहेबांना चार पायऱ्यांत दम लागला. मायला काही झालं नाही. हॉटेलात उंचीच्या त्रासावर उतारा म्हणून कोकाची पानं ठेवली होती, चहात टाकायची किंवा गालात धरायची. मायने ती विड्याच्या पानासारखी गालात सरकवली आणि आम्हा तिघांकडे दयेने बघत बसली. तिच्या पातळावर माझं लाल जॅकेट होतं आणि पायात भावाने घेऊन दिलेले पांढरे बूट. रस्त्यात घेरदार झगे घातलेल्या, पाठीवर रंगीत कापडाचं गाठोडं बांधून चाललेल्या बायका दिसल्या, तशी ती खुलली. "ह्या बी पाठीवरच वागवायल्यात की सगळं," ती म्हणाली, आणि एकीला हात जोडून नमस्कारही केला. त्या बाईने टोपीला हात लावला.

दोन तासांची पायी सफर होती. मोठ्या चौकातून निघायचं, जुन्या भिंती बघत चढावरच्या सान ब्लास नावाच्या वस्तीत संपवायची. आमची वाटाडी नेली नावाची तिशीतली मुलगी, हातात पिवळी छत्री. तिच्या घरी केचुआ ही इथली जुनी भाषा बोलतात, ती स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींत सांगत होती. आम्ही चौघं आणि पाच-सहा परदेशी. नेलीने चौकात सांगितलं, की राज्य जिंकून घेणाऱ्या स्पॅनिश लोकांनी इथल्या जुन्या राजांचे महाल पाडले आणि त्याच जोत्यांवर आपली चर्चं बांधली. भूकंप आले तेव्हा वरचं पडलं, जोती राहिली. मी मायला मराठीत सांगितलं. माय म्हणाली, "जोतं करणाराला इचारून बांधलं आस्तं, तर वरचं बी ऱ्हायलं आस्तं."

मग ती अरुंद गल्ली आली. एका बाजूला सबंध लांबीची दगडी भिंत, चुना नाही, माती नाही, दगडावर दगड नुसते बसवलेले, सांध्यात नख जाणार नाही असे. त्यातला एक दगड जगप्रसिद्ध आहे, त्याला बारा कोन आहेत, आणि त्याच्यापुढे फोटोसाठी रांग. नेली सरावाने सांगू लागली: ही भिंत बांधणाऱ्यांकडे लोखंड नव्हतं, चाक नव्हतं, तरी हे कसं केलं ते आजही कोणाला ठाऊक नाही, गूढच आहे. मी मायला मराठीत सांगत होते. साहेब हसून म्हणाले, "परग्रहावरून कोणी आलं असेल. माणसाचं काम नाही हे."

मला गावातलं देऊळ आठवलं. म्हणजे इथेही तेच. हातांनी केलेलं काम नजरेत भरण्याइतकं मोठं झालं, की ते हातांचं राहत नाही. देवाला द्या, परग्रहाला द्या, कोणालाही द्या, फक्त ज्याने केलं त्याला देऊ नका. माझं डोकं आधीच ठणकत होतं, आता ते तापलंही.

आणि माय जागेवर नव्हती.

रांग सोडून ती भिंतीच्या पुढच्या टोकाला गेली होती, जिथे कोणी थांबत नाही. दगडाला हात लावून तिने तो कपाळाला लावला, जसा ती प्रत्येक कामाआधी लावते. मग बोटाच्या पेराने एका दगडावर टकटक केलं, कान जवळ नेला, शेजारच्यावर टकटक केलं. मी तिला हाक मारणार तोच शिट्टी वाजली. पहारेकरी धावत आला, हात हलवून ओरडू लागला: हात लावायचा नाही, सेन्योरा, हात लावायचा नाही. सगळी रांग वळून बघायला लागली. वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगं, त्यांना सांगितलं नव्हतंस का?" मी पळत गेले, पहारेकऱ्याची माफी मागितली आणि मायला म्हटलं, "काय करायलीस तू?"

"बघायले," ती म्हणाली. हात मागे घेतला होता, पण डोळे भिंतीवरच होते. "कोणाला ठाव न्हाई म्हणली का ती? सगळं लिव्हलंय की हितं. हे बघ, मधी मोठे टवके, कडंला बारीक. मधी जड गोट्यानं ठोकलाय, कडंला ल्हान गोटा घेतलाय. कडंला जोर केला की ढलपा उडतो, मनून. लोखंड लागलंच न्हाई ह्याला. लोखंडाची रेघ उठती, दगडाचा खळगा पडतो. नदीतला गोटा घिऊन बसलेत, आन् ठोकीत ऱ्हायलेत. लय माणसं, लय दिवस. आजून काय?"

नेली जवळ आली होती. तिने विचारलं, काय म्हणतात त्या? मी शब्द न् शब्द सांगितला. नेली भिंतीपाशी वाकली. मोठे खळगे, बारीक खळगे. तिने ते रोज पाहिलेले असणार. ती सरळ उभी राहिली, छत्री मिटली आणि हळू आवाजात म्हणाली, माझे आजोबा हेच सांगायचे, नदीतले गोटे. पण पाहुण्यांना गूढ आवडतं, म्हणून मी गूढ सांगते. मग तिने मायकडे बघून, इथे वडीलधाऱ्या बाईला मायेने हाक मारतात तसं, विचारलं, "मामिता, तुम्हाला हे कसं कळलं?"

प्रश्न स्पॅनिशमध्ये होता, पण मायला तो कळला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "सांग तिला. आमचं बांधकामाचं काम हाय मन."

बाकावरच्या माणसापुढे जी बाई वाकली नाही, तिची मान मी खाली घालायला लावली होती. कुस्कोच्या भर गल्लीत. ज्या भिंतीपुढे जगातला सगळ्यात जाणता माणूस तीच होती, तिथे तिला मी उसनं उत्तर देऊन उभं केलं होतं. मला माझीच शिसारी आली. एवढी, की डोकेदुखी विसरले.

मी आधी स्पॅनिशमध्ये सांगितलं, मोठ्याने, रांगेतल्यांनाही ऐकू जाईल असं. माझी आई दगडाचं काम करते. चाळीस वर्षं केलं आहे. जात्यांना, पाट्यांना टाकी लावायची. माझे वडील खडी फोडायचे. आमची जात वडार आहे, हे आमचं काम आहे, आणि आम्ही करतो म्हणून लोक आम्हाला दाराबाहेर बसवतात. मग साहेब आणि वहिनींकडे वळून तेच मराठीत सांगितलं. कन्स्ट्रक्शन वगैरे काही नाही. भाऊ ट्रॅक्टर चालवतो. चार वर्षं मी खोटं बोलले.

साहेब भिंतीकडे बघू लागले. वहिनी म्हणाल्या, "अगं, मग आधी का नाही सांगितलंस?" जणू मी अंगातला ताप लपवला होता, अशा सुरात.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला ग्रॅनाइट विचारला असता का?"

"काहीतरीच. आता तसं काही राहिलंय का?"

"आहे, वहिनी. चारठाण्याच्या थांब्यावर आहे आणि लिमाच्या गणपतीतही आहे. नसतं तर मला त्या मोदकापुढे खोटं सुचलं नसतं."

वहिनींना वाईट वाटलं असेल. वाटू दे. त्या वाईट बाई नाहीत, आणि मला त्या वेळी त्यांची समजूत घालायची नव्हती. मी मायचा हात धरला. "माय, चुकले मी," म्हटलं. तिने माझ्या दंडाला चिमटा काढला, लहानपणी काढायची तसा, चांगला काळानिळा डाग पडेल असा. तेवढ्यावर ती थांबली.

पुढचा चढ माय आणि नेली शेजारी शेजारी चढल्या, मी दोघींच्या मधे दुभाषी, धापा टाकत. सफर संपल्यावर नेलीने आम्हाला तिच्या मावशीच्या खानावळीत नेलं. मागच्या अंगणात एक मोठा सपाट दगड मांडलेला होता, त्यावर अर्धगोल दगड दोन्ही हातांनी डुलवत मिरची आणि औषधी पाला वाटतात. त्याला बातान म्हणतात. मायने त्यावर तळवा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "हे तर आरशावानी झालंय. ह्याच्यावर काय वाटत आसंल ही?" मी सांगितलं. मावशी हसली, म्हणाली, टाकी लावणारा म्हातारा होता, तो वारला, त्याचा मुलगा मोतोटॅक्सी चालवतो.

माय म्हणाली, "हातोडी आन् छिन्नी हाय का इचार."

शेजारच्या दुकानातून दोन्ही आलं. छिन्नी जरा जाड होती, मायने तिचं टोक अंगणातल्या फरशीवर घासून घेतलं, पदर खोचला आणि बसली. मीही समोर बसून दगड दाबून धरला. ठक, ठक, ठक. कोपऱ्यापासून सुरुवात करून ओळीने, एकसारखं अंतर राखत. भुकटी माझ्या तोंडावर उडत होती. साहेब आणि वहिनी आधी खुर्च्यांवर बसून बघत होते, मग वहिनी उठून जवळ आल्या आणि उभ्याच राहिल्या. मी त्यांना बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. काम पाऊण तास चाललं. शेवटी मायने दगड धुवायला लावला आणि मला म्हणाली, "सांग तिला, पहिलं वाटण खायाचं न्हाई. कच लागती. कोंबड्याला टाक मन." मी सांगायला लागले तर मावशीने हातानेच थांबवलं. ते तिला माहीत होतं.

मला गावाकडून विचारतात, परत कधी येणार? इकडच्या लोकांना वाटतं, मी सुटले. दोघांनाही सांगते. गावात आमचं घर गायरानाच्या कडेला आहे, ते कधी उठवतील याचा भरवसा नाही. लिमातली खोली भाड्याची आहे, तिचा करार दर वर्षी नवा होतो. चार वर्षं मी या दोन्हींमध्ये माझं कोणतं, हे ठरवत बसले होते, आणि ज्या बाईच्या हातावर मी वाढले तिलाच दोन्हीकडून बाहेर ठेवत होते. आता ठरवायचं काही राहिलेलं नाही. ज्या जागी मला तिचं काम दडवावं लागेल, ती जागा कितीही चांगली असली तरी मला नको. आणि जिथे दडवावं लागणार नाही तिथे मी पाय पसरून बसेन, कोणाला आवडो न आवडो.

अंगणातून निघताना मावशीने मायचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे करून तळव्यांवरचे घट्टे पाहिले आणि काहीतरी विचारलं. केचुआत विचारलं, त्यामुळे मलाही कळलं नाही. नेली सांगणार होती, पण माय थांबली नाही. या खेपेला तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. छातीवर हात ठेवून, मान वर करून म्हणाली, "शेवंता. वडार. चारठाणा."

मावशीने तिन्ही शब्द नीट म्हणून पाहिले. मायने एक उच्चार सुधारून दिला, आणि मग आम्ही निघालो.